कालपर्यंत उघडत होती, आज 'ॲक्सेस डिनाइड': दर महिन्याला परतणारी तक्रार कशी थांबवली

महिन्याची पहिली तारीख उलटली की आमच्या विभागात एक ठरलेली तक्रार यायची. सामायिक फोल्डरमध्ये मासिक अहवालाची फाईल आलेली असायची. नाव सगळ्यांना दिसायचं, पण तिघाचौघांनी क्लिक केलं की 'ॲक्सेस डिनाइड'. शेजारच्या टेबलावर तीच फाईल बिनदिक्कत उघडायची. मग फोनाफोनी, आयटीकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, तिकडून कुणीतरी त्या तिघांची नावं फाईलवर चढवणार, आणि महिनाभर सारं शांत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, फक्त नावं वेगळी.

सात महिने हे चाललं. त्यातल्या एका महिन्यात आकडे वेळेत तपासले नाहीत म्हणून एका सहकाऱ्याला भर बैठकीत बोलणी खावी लागली. फाईल त्याला उघडतच नव्हती, पण बैठकीच्या दिवशी सकाळी ती दुरुस्त झालेली होती, त्यामुळे त्याचं म्हणणं कुणाला पटलं नाही. त्या दिवसापासून मी हा प्रश्न मनावर घेतला. मी आयटीतली नाही. कार्यालयातल्या नोंदी सांभाळणं हे माझं काम, आणि ज्याच्या कामाची नोंद आहे त्यालाच ती उघडत नसेल, तर ती सांभाळून काय उपयोग?

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगते. एकेका फाईलवर एकेका माणसाचं नाव चढवणं थांबवा. परवानगी फोल्डरला द्या, ती कामाच्या गटाला द्या, आणि कोणत्या गटाला काय उघडतं हे एका पानावर, कुणालाही कळेल अशा भाषेत लिहून ठेवा. आमची दर महिन्याची तक्रार त्यानंतर थांबली. पण तिथवर पोचायला आधी खरं कारण सापडावं लागतं, आणि 'फाईल उघडत नाही' या एका वाक्यामागे निदान सहा वेगवेगळी दुखणी असतात.

आधी संदेश नीट वाचा

लोक सांगताना 'उघडत नाही' एवढंच सांगतात. पडद्यावर नेमकं काय आलं हे विचारलं की निम्मं काम होतं.

फोल्डरच दिसत नसेल तर दोन शक्यता असतात. ड्राइव्ह जोडलेला नसेल, किंवा ज्याला परवानगी नाही त्याला नावही दाखवू नये अशी व्यवस्था सर्व्हरवर केलेली असेल. दुसऱ्या प्रकारात माणसाला वाटतं की फोल्डर कुणीतरी उडवलं. उडवलेलं नसतं, त्याच्या नजरेआड ठेवलेलं असतं.

नाव दिसतं पण 'ॲक्सेस डिनाइड' येतं, तर मामला परवानगीचा. त्याकडे पुढे सविस्तर येते.

फाईल उघडते पण 'रीड ओन्ली' म्हणते, तर एकतर तुम्हाला फक्त वाचण्याची परवानगी आहे, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे ती उघडी आहे. वर्ड किंवा एक्सेलची फाईल उघडली की त्याच फोल्डरमध्ये टिल्ड आणि डॉलर या चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी लपलेली फाईल तयार होते. मूळ फाईल कुणाच्या हातात आहे ते ती सांगते. संगणक मध्येच बंद पडला तर ही छोटी फाईल मागे राहते, आणि कुणीही काम करत नसताना फाईल कुणाच्यातरी नावाने अडकून बसते. त्या माणसाकडे खरंच काही उघडं नाही हे त्याला विचारून पक्कं करा, मगच ती लपलेली फाईल काढा. न विचारता काढली तर दोघं एकाच वेळी लिहितात आणि एकाचं लिहिलेलं जातं.

वर पिवळी पट्टी येऊन 'प्रोटेक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल, तर फाईल ईमेलमधून किंवा इंटरनेटवरून आलेली आहे आणि वर्ड सावधगिरी बाळगतंय. परवानगीचा इथे संबंध नाही. पाठवणारा ओळखीचा असेल आणि ही फाईल येणार हे तुम्हाला माहीत असेल तरच संपादन सुरू करा.

'रिक्वेस्ट ॲक्सेस' असं बटण आलं, तर फाईल गूगल ड्राइव्हसारख्या लिंकवर चालणाऱ्या जागी आहे. तिथे सगळ्यांत आधी वर उजव्या कोपऱ्यातलं खातं बघा. माझ्या अनुभवात अशा तक्रारींतलं सर्वाधिक सापडणारं कारण हेच आहे: ब्राउझरमध्ये घरचं आणि कार्यालयाचं अशी दोन खाती उघडी असतात, परवानगी कार्यालयाच्या खात्याला असते आणि लिंक उघडते घरच्या खात्यात. अशा वेळी बटण दाबून विनंती पाठवू नका. मालकाने ती घाईत मंजूर केली तर कार्यालयाची नोंद तुमच्या खासगी खात्याला कायमची जोडली जाते, आणि पुढे ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

सहावं कारण क्वचित भेटतं, पण मराठीत नावं ठेवणाऱ्यांना ते जास्त भेटतं. विंडोजवर फाईलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फाईलच्या नावापर्यंतचं सगळं, पूर्वापार २६० अक्षरांच्या मर्यादेत बसावा लागतो, आणि बरेच प्रोग्राम आजही हीच मर्यादा धरून चालतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. 'कार्यालयीन' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा वाटतो, संगणक तो दहा मोजतो. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, आणि प्रत्येकाचं नाव लांबलचक, असं झालं की एक दिवस फाईल उघडत नाही आणि संदेशही धड कळत नाही. नावं आखूड करा, प्रश्न मिटतो.

आमच्याकडचं खरं कारण

आता मूळ तक्रारीकडे. मी एका कागदावर सात महिन्यांच्या तक्रारी मांडल्या: कोणती फाईल, कुणी तयार केली, कुणाला उघडली नाही. आयटीच्या तिकिटांत पहिली आणि शेवटची गोष्ट होती, मधली कुठेच नव्हती. ती भरल्यावर चित्र लगेच दिसलं. अहवाल तिघं लिहायचे, आणि अडकणारी फाईल दर वेळी त्यांतल्या ठरावीक दोघांपैकीच एकाने तयार केलेली होती. तिसरीने तयार केलेली एकही फाईल कधी अडकली नव्हती.

मी त्या तिघा लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसून ते फाईल कशी ठेवतात ते पाहिलं. अहवालाचा कच्चा मसुदा ते एका 'मसुदे' फोल्डरात करायचे. तिथे फक्त अहवाल लिहिणाऱ्यांना प्रवेश, आणि ते योग्यच आहे, अपुरे आकडे सगळ्यांपुढे जाऊ नयेत. अहवाल मंजूर झाला की तो 'मंजूर अहवाल' फोल्डरात जायचा, तिथे संपूर्ण विभागाला प्रवेश. तिसरी सहकारी फाईल कॉपी करून तिकडे चिकटवायची. बाकी दोघं ती उचलून नेऊन ठेवायची, म्हणजे कट आणि पेस्ट. फरक एवढाच होता.

विंडोजच्या सर्व्हरवर कॉपी केलेली फाईल ही नवी फाईल असते. ती जिथे जन्मते तिथल्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाईल मात्र जुनीच असते, फक्त तिचा पत्ता बदलतो, आणि ती जुन्या जागेच्या परवानग्या बरोबर घेऊन येऊ शकते. म्हणून 'मंजूर अहवाल' फोल्डरात बसलेली ती फाईल अजून 'मसुदे' फोल्डरचे नियम पाळत होती. एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं तर असं होत नाही, कारण तिथे हलवणं म्हणजे आतून कॉपी करून मूळ प्रत पुसणंच असतं. एकाच कृतीचे दोन परिणाम दिसतात ते यामुळे, आणि म्हणूनच हे दुखणं सहज सापडत नाही.

गंमत म्हणून नव्हे, गोंधळ टळावा म्हणून हेही सांगते: गूगल ड्राइव्हवर याच्या उलट होतं. तिथे फाईल दुसऱ्या फोल्डरात हलवली की ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते आणि जुन्या फोल्डरमुळे मिळालेल्या सोडते. फाईलवर थेट ज्यांची नावं चढवली असतील ती मात्र तशीच राहतात. दोन्हीकडे काम करणाऱ्या माणसाने एकीकडची सवय दुसरीकडे नेली की चुकतंच.

अडकलेल्या फाइली सोडवायला आम्ही असं केलं. फाईलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड. तिथे प्रत्येक ओळीपुढे ती परवानगी कुठून आली हे लिहिलेलं असतं. तिथे वरच्या फोल्डरचं नाव दिसलं नाही, किंवा वारसा, म्हणजे वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप घेणं, बंद केलेला दिसला, तर रोग सापडला. तिथेच 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाचा भाग आहे. त्यात एखाद्याचं नाव घातलं की त्याला प्रत्यक्षात काय करता येईल ते दिसतं, त्यामुळे त्याला पुन्हा पुन्हा 'आता बघा हं' म्हणावं लागत नाही. मग वरच्या फोल्डरवर जाऊन आतल्या सगळ्यांना फोल्डरच्याच परवानग्या लागू कराव्यात अशी खूण करून जतन केलं. ही खूण करण्याआधी आत एखादं जाणूनबुजून वेगळं ठेवलेलं फोल्डर नाही ना, हे बघाच. या एका खुणेने तिथले वेगळे नियमही पुसले जातात. हे काम ज्यांच्याकडे ॲडमिनचे हक्क आहेत त्यांनीच करायचं. मी शेजारी यादी घेऊन बसले होते.

तरीही उघडत नसेल तर

सर्व्हरवरच्या फोल्डरला दोन दरवाजे असतात. एक नेटवर्कवरून आत यायचा, तो शेअरचा, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर सामायिक करताना दिलेल्या परवानगीचा. दुसरा फाईलचा स्वतःचा. दोन्हीकडे परवानगी लागते आणि दोहोंत जी कमी असेल तीच चालते. फाईलवर 'बदल करता येईल' लिहिलं आणि शेअरवर 'फक्त वाचा' असेल, तर माणूस फक्त वाचेल. आयटीतला नवा माणूस एकच दरवाजा बघून 'परवानगी तर आहे' म्हणतो आणि तिकीट बंद करतो.

दुसरी जागा म्हणजे 'डिनाय'. कुणीतरी कधीकाळी एका गटाला नकार लिहून ठेवलेला असतो. माणूस तीन गटांत असेल, दोन गटांना होकार आणि एकाला नकार असेल, तर साधारणपणे नकार जिंकतो. म्हणून माझं ठाम मत आहे की 'डिनाय' वापरूच नये. ज्याला द्यायचं नाही त्याला दिलंच नाही, की पुरतं.

आणि तिसरी, अगदी साधी गोष्ट: गटात नाव घातल्यावर त्या माणसाने संगणकातून पूर्ण साइन आउट करून पुन्हा साइन इन केलं का? तो कोणत्या गटांत आहे हे विंडोज साइन इन करताना ठरवतं. सकाळी आत आलेला माणूस दुपारी गटात घातला तर त्याला संध्याकाळपर्यंत काहीच फरक जाणवणार नाही. निव्वळ स्क्रीन लॉक करून उघडल्यावर विसंबू नका. किती तिकिटं नुसत्या या एका कारणाने दोनदा उघडली गेली ते मी स्वतः मोजलंय, म्हणून हे वाक्य आता आमच्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी असतं.

एक उपाय मात्र कधीच करू नका. आमच्याकडे चौथ्या महिन्यात कुणीतरी वैतागून संपूर्ण फोल्डरवर 'एव्हरीवन' या गटाला पूर्ण ताबा देऊन टाकला. तक्रार त्याच मिनिटाला थांबली. दोन दिवसांनी लक्षात आलं की आत एका उपफोल्डरात वार्षिक मूल्यमापनाचे शेरे होते आणि ते सगळ्या इमारतीला वाचता येत होते. कुणी वाचले की नाही हे कधीच कळलं नाही, कारण कोण काय उघडतं याची नोंद तेव्हा ठेवली जात नव्हती. ज्यांच्याबद्दल ते शेरे होते त्यांना आम्ही ते सांगितलं. तो दिवस फार जड गेला.

माणसाला नको, कामाला द्या

जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात एक तत्त्व आहे: प्रत्येकाला त्याच्या कामापुरता, आणि तेवढाच, अधिकार असावा. इतकी वर्षं झाली तरी त्यापेक्षा चांगला नियम मला सापडलेला नाही. पण तो प्रत्येक माणसाला वेगळा लावायला गेलं की यादी हाताबाहेर जाते. कुणी बदलीवर जातं, कुणी रजेवर, कुणी दुसऱ्याचं काम दोन महिने बघतं, आणि जुनी नावं तशीच राहतात.

म्हणून आम्ही आधी कामं लिहून काढली. मासिक अहवालाच्या बाबतीत ती चारच निघाली: अहवाल लिहिणारे, तपासणारे, मंजूर करणारे, वाचणारे. चार कामांचे चार गट केले. 'मसुदे' फोल्डरात पहिल्या दोन गटांना बदल करता येतो, तिसऱ्याला वाचता येतं. 'मंजूर अहवाल' फोल्डरात चारही गटांना वाचता येतं, बदल मात्र फक्त लिहिणाऱ्यांना आणि मंजूर करणाऱ्यांना करता येतो. फोल्डरांवर आता एकाही माणसाचं नाव नाही. कुणी नवीन आलं की त्याला गटात घालायचं, गेलं की काढायचं, फोल्डरला हात लावायचा नाही.

गट करताना एक मोह होतो, तो टाळा: विभागाच्या नावाचा एकच मोठा गट. विभागातल्या प्रत्येकाचं काम सारखं नसतं. पगार, आजारपण, तक्रारी आणि मूल्यमापन यांच्या नोंदी तर कोणत्याच मोठ्या गटाखाली ठेवू नयेत. त्यांना वेगळं फोल्डर, वेगळा छोटा गट, आणि कोण आत गेलं याची नोंद चालू.

बदली झालेला माणूस हा सगळ्यांत निसटणारा मुद्दा आहे. नवीन येणाऱ्याला परवानगी नसेल तर तो स्वतः ओरडतो. सोडून जाणाऱ्याचं खातं बंद होतं. पण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेल्याला नवीन परवानग्या मिळतात आणि जुन्या काढायच्या राहतात. दहा वर्षांत चार टेबलं फिरलेल्या माणसाला चारही टेबलांच्या नोंदी उघडत असतात, त्याच्या नकळत. बदलीच्या आदेशाची एक प्रत नोंदी सांभाळणाऱ्याकडे यावी, एवढी एक वाट बांधून घेतली तरी हे आटोक्यात येतं. शिवाय दर तीन महिन्यांनी गटांची यादी छापून विभागप्रमुखांसमोर ठेवते आणि त्यांच्यासमोरच नावं खोडून घेते. ईमेलने पाठवली तर ती वाचली जात नाही.

लिंकवरच्या फाइलींत मालकीचा प्रश्न वेगळाच असतो. गूगल ड्राइव्हवर स्वतःच्या 'माय ड्राइव्ह'मध्ये केलेली फाईल ती करणाऱ्याच्या मालकीची राहते. तो गेला, त्याचं खातं काढून टाकलं, की त्या फाइलीही हळूहळू जातात. गूगलच्या कार्यालयीन योजनेत काढलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमधल्या फाइली मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतात. एवढ्या दिवसांत कुणाच्या लक्षात आलं तर ठीक, नाहीतर नोंद गेली. म्हणून ज्या दिवशी माणूस जाणार हे कळेल त्याच दिवशी मालकी बदलून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे कामाच्या फाइली पहिल्यापासून 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये करा. तिथे मालकी संस्थेची असते, माणसाची नसते. आणि 'लिंक असलेल्या कुणालाही' ही खूण कामाच्या नोंदींवर कधीच नको. लिंक पुढे पाठवली जाते, कुठे पोचली ते कळत नाही.

कागदी फाइलींनाही हेच लागू पडतं. कपाटाची किल्ली नेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ वहीत, आणि फाईल बाहेर काढली की तिच्या जागी एक जाड कार्ड: कोणती फाईल, कुणाकडे, केव्हापासून. कार्ड नसलेली मोकळी जागा दिसली की ती त्याच दिवशी शोधायची.

जे लिहाल ते सोपं लिहा

आमच्या दुखण्याचा निम्मा भाग तंत्राचा नव्हताच. नियम तर पूर्वीही लिहिलेला होता. मी जुनं परिपत्रक शोधून काढलं, त्यातलं मुख्य वाक्य असं होतं:

'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांनी आपापल्या अधिनस्त अभिलेखांच्या प्रवेशाधिकारांची आवश्यक ती पडताळणी करून योग्य ती कार्यवाही तत्काळ करावी व अनुपालन सादर करावे.'

यात चूक एकही नाही, आणि कुणी काय करायचं हेही एकदाही नाही. संबंधित म्हणजे कोण? आवश्यक ती पडताळणी म्हणजे कोणती? तत्काळ म्हणजे आज की या आठवड्यात? सादर कुणाकडे करायचं? वाचणारा प्रत्येक जण आपण सोडून दुसराच कुणीतरी संबंधित आहे असं समजला, आणि त्याला दोष देता येत नाही. मी ते असं लिहिलं:

'विभागप्रमुखांसाठी. तुमच्या विभागाची फोल्डरं कोणाकोणाला उघडतात, त्याची यादी सोबत आहे. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत तीन गोष्टी करा. बदली होऊन गेलेल्यांची नावं खोडा. नवीन आलेल्यांची नावं आणि त्यांचं काम लिहा. सही करून यादी नोंदी विभागात परत द्या. यादी आली नाही तर नवीन आलेल्यांना फोल्डर उघडणार नाही.'

पहिल्यांदाच सगळ्या याद्या शुक्रवारपर्यंत परत आल्या.

सोपं लिहिणं म्हणजे बालबोध लिहिणं, असा समज आहे. तो मला मान्य नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२३ साली सोप्या भाषेसाठी २४४९५-१ हे मानक काढलं. त्यात चार गोष्टींवर भर आहे: वाचणाऱ्याला हवं तेच त्यात असावं, ते त्याला सापडावं, कळावं आणि वापरता यावं. शेवटची गोष्ट मी आता प्रत्येक कागदाला लावून बघते. हे वाचून माणूस पुढची कृती करू शकेल का? नसेल तर कागद अजून झालेला नाही.

लिहिताना मी काही गोष्टी कटाक्षाने बघते. वाक्यात कर्ता हवाच. 'परवानगी देण्यात येईल' असं लिहिलं की कोण देणार ते हरवतं. 'परवानगी विभागप्रमुख देतील' लिहिलं की माणसाला कुठे जायचं ते कळतं. एका वाक्यात एकच काम. अट आधी, कृती नंतर, म्हणजे 'फाईल कुणाच्या नावाने अडकली असेल, तर आधी त्यांना फोन करा'. एका गोष्टीला सगळीकडे एकच शब्द. आमच्या जुन्या कागदांत एकच वस्तू कुठे संचिका, कुठे नस्ती, कुठे फाईल, कुठे फोल्डर होती. नवीन माणसाला त्या चार वेगळ्या वस्तू वाटल्या. आणि कागद पाठवण्याआधी तो विषय माहीत नसलेल्या एका माणसाला वाचायला द्यायचा आणि त्याला काय करायला सांगितलंय ते विचारायचं. तो अडखळला तर दोष कागदाचा.

परवानगी मागायची विनंतीही आम्ही पाच ओळींची केली. पूर्वी लोक 'फोल्डरचा ॲक्सेस द्यावा' एवढंच पाठवायचे आणि त्यावर चार ईमेल व्हायचे. आता ती अशी येते:

कोणाला: लेखा विभागातील नवीन लिपिक.
काय: 'मंजूर अहवाल' फोल्डर, फक्त वाचायला.
कशासाठी: दर महिन्याचे आकडे ताळेबंदाशी जुळवायला.
कधीपर्यंत: ३० जून.
कोणी मान्य केलं: लेखा विभागप्रमुख.

चौथी ओळ लोकांना खटकते. पण तात्पुरतं दिलेलं काढायचं राहून जातं, आणि तारीख लिहिलेली असली तरच ते काढलं जातं. कायमचं हवं असेल तर तसं लिहा, मग ती तारीख नसून गटाचा प्रश्न होतो.

फाईलच्या नावाचंही एक ठरवून टाकलं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय, मग आवृत्ती: '२०२५-०४-०१ मासिक अहवाल आ२'. अशा क्रमाने लिहिलं की नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. नावातला 'अंतिम' हा शब्द आम्ही बंद केला. मंजूर झालेली फाईल ती, जी 'मंजूर अहवाल' फोल्डरात आहे. फाईलच्या जागेनेच हे सांगितल्यावर नावात ते पुन्हा सांगायची गरज उरत नाही, आणि 'अंतिम२', 'अंतिम नवीन' यांतली खरी कोणती हा वाद उठत नाही.

सगळ्यांत उपयोगी पडलं ते एक पान. डावीकडे दोन्ही फोल्डरं, वर चार गट, प्रत्येक चौकटीत एकच शब्द: 'वाचा', 'बदला' किंवा 'नाही'. खाली तीन वाक्यं: मसुदा 'मंजूर अहवाल' फोल्डरात नेताना कॉपी करा, हलवू नका, कॉपी उघडते का ते एका वाचणाऱ्याला विचारून बघा, मग 'मसुदे' फोल्डरातली प्रत काढा. हे पान दोन्ही फोल्डरांत सगळ्यांत वर दिसेल अशा नावाने ठेवलं आहे, आणि अहवाल लिहिणाऱ्यांच्या टेबलाशेजारी चिकटवलंही आहे.

पुन्हा तक्रार आलीच तर

आता आमच्याकडे ती क्वचित येते, पण येते. तेव्हा आयटीला तिकीट पाठवताना मी ही माहिती एकदमच देते: माणूस कोणत्या खात्याने आत आला होता, फाईलचा पूर्ण पत्ता, नुसतं नाव नव्हे, पडद्यावर आलेला संदेश शब्दशः, शक्य तर त्याचं चित्र, दिवस आणि वेळ, तीच फाईल कुणाला उघडते आहे, ती फाईल कुणी ठेवली, आणि कॉपी करून की हलवून. शेवटची ओळ आधी कुणीच लिहीत नव्हतं. गेल्या खेपेला ती लिहिली होती, म्हणून पलीकडच्या माणसाने मला परत फोन न करता दहा मिनिटांत फाईल सोडवली आणि तिकिटावर लिहिलं, 'वारसा दुरुस्त केला, कृपया साइन आउट करून पाहा.' अहवाल तपासणाऱ्या त्या सहकाऱ्याने तसं केलं, आणि बैठकीच्या आदल्या दिवशीच आकडे तपासून ठेवले.